सर्वांत मोठ्या पाप्याचा मान

नम्रता हा नाशवंत सद्गुण आहे. चारचौघांना वेळेवर कळवली नाही, तर वाया जाते. म्हणूनच त्या चर्चमध्ये दर रविवारी उपासनेनंतर साक्षीची, म्हणजे उभं राहून सगळ्यांदेखत आपली पापं कबूल करण्याची, वेळ राखून ठेवली होती, आणि तिथे पहिला मान कंत्राटदारांचा.

कंत्राटदार उभे राहत, हात जोडत, नजर खाली झुकवत (बुटांचं पॉलिश तेवढंच तपासून होई) आणि म्हणत, "प्रभू, मी धूळ आहे. या मंडळीत माझ्याइतका पापी दुसरा नाही."

यावर प्रथेप्रमाणे बाकाबाकांवरून आवाज येत, "अहो, काहीतरीच काय! तुम्ही म्हणजे देवमाणूस!" कंत्राटदार नाही नाही म्हणत, मंडळी हो हो म्हणे. (एका अंदाजानुसार मंडळीतले नव्वद टक्के लोक स्वतःला सर्वांत मोठा पापी समजत. उरलेले पाळण्यात होते.) दातांच्या डॉक्टरांनी एकदा हा किताब आपल्याकडे ओढून पाहिला, पण चर्चचं छप्पर कंत्राटदारांनी घालून दिलं होतं, तेव्हा मोठे पापी तेच, असं कमिटीने एकमताने ठरवलं.

कंत्राटदारांना एक धाकटा भाऊ होता, घड्याळं दुरुस्त करणारा. वडिलांचं आजारपण त्यानेच काढलं आणि वडील गेल्यावर कंत्राटदारांनी त्याला बायकोसकट घराबाहेर काढलं. कागदोपत्री सगळं चोख होतं. तेव्हापासून बोलणं बंद. खरं सांगायचं तर कंत्राटदारांना त्याची फार आठवण यायची; जेवताना समोरची खुर्ची रिकामी दिसली की घास घशाखाली उतरायचा नाही. पण धाकट्याने आधी यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नमण्याचा मान धाकट्यांचा, तो आपण कसा हिसकावणार?

आणि एका रविवारी तो आला. शेवटच्या बाकावर बसला. त्याला पाहून कंत्राटदार त्या दिवशी बुटांचं पॉलिश तपासायलाही विसरले. "माझ्याइतका पापी दुसरा नाही," ते म्हणाले.

"आमेन!" मागून खणखणीत आवाज आला.

धाकटा डोळे पुसत, हात पसरून पुढे येत होता. "दादा, किती वर्षं वाट पाहिली रे हे ऐकायची! जाऊ दे, झालं गेलं विसरू आता."

सगळी मंडळी गीतपुस्तकात डोकं खुपसून बसली. कंत्राटदारांचे कान तापले. "काय झालं गेलं? मी काय केलंय तुझं?"

"अरे, आत्ताच तर म्हणालास—"

"ते देवासमोर म्हणालो! तुझ्यासमोर नाही!"

धाकट्याचे पसरलेले हात खाली आले. तो मागे वळला आणि दार हळूच लावून गेला. पुन्हा काही आला नाही.

कमिटीने त्याच आठवड्यात खुलासा काढला: साक्ष देवाला उद्देशून असल्याने नातेवाइकांनी ती मनावर घेऊ नये. तसेच पापांचा उल्लेख घाऊकच करावा. घाऊक पापालाही एक जण भेटायला आला; किरकोळीत केल्यास संबंधित सगळेच येतील.

घरी कंत्राटदारांनी गुडघे टेकले. रडू अगदी खरं होतं. "देवा, मी धूळच आहे," ते म्हणाले, "पण त्या धाकट्यासारखं मला गर्विष्ठ केलं नाहीस, हे तुझे उपकार."

हसू आलं ना? येणारच. असली माणसं ओळखायला नजर लागते, आणि ती तुमच्याकडे आहे. बरं झालं, आपण त्यातले नाही, असंही मनात येऊन गेलं असेल. कंत्राटदार निदान गुडघ्यांवर होते.