मोघेकाकांचा बदकांचा राउंड

लंडनमधल्या चिनी भाजक्या मांसातलं मोघेकाकांना जेवढं कळतं, तेवढं कळणारा दुसरा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. आणि मोघेकाका अंडंसुद्धा खात नाहीत. दुकानात बिस्किटांचा पुडा घेतानाही ते मागचं बारीक अक्षर भिंग लावून वाचतात. पण चायनाटाउनमध्ये काचेआड टांगलेल्या बदकांसमोर आले की हात पाठीमागे जातात, मान जराशी तिरकी होते आणि राउंड सुरू होतो.

"हा डिहायड्रेटेड आहे. ह्याचा रंग मला आवडत नाही. आणि तो कोपऱ्यातला बघितलास? त्याला कालच डिस्चार्ज द्यायला हवा होता."

काका भूलतज्ज्ञ. सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत झाली, आता रिटायर्ड. एजवेअरमध्ये मी भाड्याने राहते त्याच्या शेजारच्याच घरात ते आणि सुमनकाकू राहतात. माझं ऑफिस ब्रॅकनेलला, पण आठवड्यातले बरेच दिवस मी खोलीतूनच काम करते. कोणाशी बोलणं टाळता आलं तर टाळते. तिथे राहायला गेल्यावर एका संध्याकाळी मी टेकअवेची पिशवी घेऊन दार उघडत होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून प्रश्न आला.

"चिकन?"

"हो... म्हणजे, कधीकधी."

"पोर्क?"

आईलाही न सांगितलेली गोष्ट मी एका अनोळखी माणसाला नुसती मान हलवून सांगून टाकली.

"वार पाळतेस?"

"नाही."

"उत्तम! शनिवारी साडेदहाला तयार राहा. थर्मल घाल."

माझी नेमणूक कशासाठी झाली आहे, ते मला ट्यूब ट्रेनमध्ये काकांकडून कळलं. काकू लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्यांच्या माहेरी कांदासुद्धा चार महिने बंद असायचा. हॉस्पिटलच्या क्वार्टर्सजवळ एक चिनी खानावळ होती. साधा भात मिळेल का विचारायला त्या आत गेल्या, आणि मालकिणीने भातावर न विचारताच कुरकुरीत पोर्कचे चार तुकडे ठेवले. काकूंनी ते परत केले नाहीत.

"घरी येऊन रडली," काका म्हणाले. "म्हटलं, अगं, खाल्लंस तर खाल्लंस. तर म्हणते कशी, त्यासाठी नाही हो रडत, संपलं म्हणून रडतेय."

तेव्हापासून दोघं मिळून लंडनभर हिंडायचे. काकू पोर्क, बदक खायच्या, काका समोर भात घेऊन बसायचे आणि विचारायचे, "आज कसं आहे?" काकू सांगायच्या. काकांचं सगळं ज्ञान असं ऐकीव.

दोन वर्षांपूर्वी एका तापानंतर काकूंची चव आणि वास दोन्ही गेलं. येईल हळूहळू, असं सगळे म्हणाले. आलं नाही. श्रीखंड, लसणाची चटणी, सगळं करून झालं. काकू म्हणायच्या, ओला पुठ्ठा. मग जेवण कमी झालं, वजन उतरलं, बाहेर जाणं थांबलं.

"नर्व्ह झोपलीय," काका मला ठासून सांगायचे. "झोपलेल्याला उठवणं हा माझा धंदा होता. नाव घेऊन हाक मारायची, ओळखीच्या आवाजात. हिला सगळ्यात ओळखीचं काय? तेच शोधायचं. अस्सल सापडलं की उठेल."

आणि अस्सल कुठलं ते खाऊन सांगायचं काम माझं.

मी पहिल्यांदा बदक खाऊन "छान आहे" म्हटलं तेव्हा काकांनी चमचा खाली ठेवला.

"छान? ऑपरेशननंतर पेशंटला विचारलं की तोही छानच म्हणतो, आणि दोन मिनिटांत ओकतो. नीट सांग. कातडी आधी मोडली की आधी विरघळली? गोड कधी आलं? मीठ एक ते दहात किती?"

शेजारच्या टेबलावरच्या चिनी आजी जेवण थांबवून आमच्याकडे बघायच्या.

काकांचं स्वतःचं जेवण हा आणखी निराळा सोहळा. चारी बाजूंनी बदकं लटकलेली, कढयांतून चरबीचा वास, आणि मध्ये बसून काका ऑर्डर देणार, "ग्रीन्स. नो ऑयस्टर सॉस. नो फिश सॉस. नो चिकन पावडर." एका वेटरने शेवटी हात जोडून विचारलं होतं, "सर, व्हाय डू यू कम हिअर?" काका म्हणाले, "फॉर द पोर्क."

सुरा चालवणाऱ्या आचाऱ्यांशी मात्र त्यांचं जमायचं. "व्हेन डिड ही कम आउट?" काका बदकाकडे बोट दाखवून विचारायचे. "इलेव्हन, डॉक्टर." "अँड हाउ इज ही?" आचारी एकदा बदकाकडे बघायचा, एकदा काकांकडे. "डेड, डॉक्टर." काका खूश होऊन अर्धं बांधून घ्यायचे.

घरी नेण्याची तर वेगळीच शिस्त. बंद डब्यात वाफ धरते आणि कातडी मऊ पडते, म्हणून काका डब्याच्या झाकणाला इंजेक्शनच्या सुईने भोकं पाडून आणायचे. तो डबा मांडीवर धरून ते नॉर्दर्न लाइनमध्ये बसले की आसपासच्या सीट हळूहळू रिकाम्या व्हायच्या. "बघ," काका अभिमानाने म्हणायचे, "सगळ्यांची नर्व्ह जागी आहे."

स्वयंपाकघरात सिंकखालच्या कपाटात काकूंचं वेगळं बिऱ्हाड होतं. वेगळा सुरा, वेगळी फळी, निळ्या काठाचं वेगळं ताट. काका ते ताट दोन बोटांनी धरून बाहेर काढायचे, वाढायचे आणि हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. मग काकू एक तुकडा तोंडात टाकायच्या, सावकाश चावायच्या आणि मान हलवायच्या. "नाही हो." काका म्हणायचे, "हरकत नाही. पुढचा शनिवार." असं सगळं बेझवॉटर झालं, चायनाटाउन दोनदा झालं.

गेल्या शनिवारी कॉलिंडेलच्या एका छोट्या दुकानात मला ते कुरकुरीत पोर्क सापडलं. कातडी काचेसारखी मोडली, खाली चरबी लोण्यासारखी, आणि मी न विचारता म्हटलं, "काका, हेच." मी आपणहून बोलल्याचं पाहून काकांनी भात अर्धा टाकला आणि टॅक्सी बोलावली. एरवी ते टॅक्सी कधी करत नाहीत.

घरी काकूंनी तुकडा तोंडात घेतला. कुर्रकन आवाज आला, तो मलाही ऐकू आला. काका टेबलाची कड धरून उभे होते.

काकूंनी चावून गिळलं आणि ताट हळूच पुढे सरकवलं.

"अहो, पुरे आता," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ह्या मुलीचे शनिवार कशाला घालवताय? नाही कळत मला. मी वरणभात खाईन, पोट भरेल. सोडा ते."

मला वाटलं काका हात धुवायला नळाकडे जातील. ते काकूंच्या समोरची खुर्ची ओढून बसले, ताटातला एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

"अहो! काय करताय!" काकू अर्ध्या उठल्या. "डुकराचं आहे ते!"

काकांनी हाताने थांब अशी खूण केली. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर आठ्या, चेहरा कडू औषध घेतल्यासारखा. मला वाटलं, आता बेसिनकडे धावतील. पण ते चावत राहिले.

"आधी मीठ," ते म्हणाले. "वरवर. मग... थांब. मग काहीतरी बडीशेपेसारखं."

काकू खाली बसल्या.

"चक्रीफूल," त्या म्हणाल्या. "ते लगेच येतं का मागाहून?"

"मागाहून. घशाजवळ."

"आणि चरबी? जिभेवर बसते का?"

"नाही. जाते. गरम पाण्यासारखी जाते."

"मग चांगलं केलंय," काकू म्हणाल्या. "कातडीला व्हिनेगर लावलंय का? बघा बरं, दुसरा घ्या. कडेचा."

काकांनी कडेचा घेतला. काकूंनीही एक उचलला. काका जसे चावतील, जिथे थांबतील, तसंच त्याही चावत होत्या, थांबत होत्या, आणि त्यांची नजर काकांच्या तोंडावरून हलत नव्हती.

"हं," त्या म्हणाल्या, "सांगा."