ठकूबाईंच्या नावाची चिठ्ठी

भोरला आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या मानेवर गळू झालं, तेव्हा आगाशे मास्तरांनी भिंगातून ते नीट पाहिलं आणि विचारलं, "कधी उगवलं?"

संस्थानाच्या काळातली गोष्ट. मास्तर शास्त्र शिकवायचे, मी मराठी. माझ्या बहिणीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तर त्यांनी आधी सासरच्या गावाचा पाऊस विचारून घेतला. नाद एकच, रानातली अळंबी. वेल्ह्याच्या डोंगरातून ती आणायची, शाळेच्या शेगडीवर सुकवायची, कागदाच्या पुडीत घालायची आणि वर चिठ्ठी डकवायची: जागा, तारीख, कशावर उगवली, रंग, वास, गोळा करणार. वासाच्या बाबतीत मास्तर फार काटेकोर. 'ओल्या शेळीचा, करडाचा नव्हे' असं एका चिठ्ठीवर मी स्वतः वाचलंय. शेगडी पेटली की शिक्षकांची खोली रिकामी व्हायची.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यात ठकूबाई राहायच्या. शेरडं राखताना वारुळावर अळंबी दिसली की बाजारकऱ्यांबरोबर त्यांचा निरोप यायचा, "मास्तरांना म्हणावं लौकर या, न्हाईतर शेरडं खातील." मास्तर रजा टाकून पायी निघायचे.

एका श्रावणात तिथं अशी अळंबी सापडली, की मास्तरांच्या एकाही पुस्तकात ती नव्हती. 'गोळा करणार: ठकूबाई, धनगरवाडा' अशी चिठ्ठी डकवून पुडी पुण्याच्या एका कॉलेजातल्या वनस्पतिसंग्रहाकडं गेली. आपली एक तरी पुडी तिथं राहावी, ही त्यांची कितीतरी वर्षांची इच्छा. उत्तर आलं, की नमुना मोलाचा आहे, ठेवून घेऊ. मात्र 'गोळा करणार' म्हणून निरक्षर बाईचं नाव चालणार नाही, स्वतःचं घालून नवी चिठ्ठी पाठवा.

घाला की, मी म्हटलं. त्या बाईंना कुठं कळणार आहे?

"अहो, मी त्या वारुळाजवळून दोनदा गेलो होतो," मास्तर म्हणाले. "मला दिसली नाही. बाईंनी हाक मारून मागं बोलावलं."

त्यांनी पुडी परत मागवली.

पुढच्या उन्हाळ्यात ठकूबाई तापानं गेल्या. पेरण्या उरकल्यावर त्यांची लेक बाजाराला भोरला आली, ती शाळेत डोकावली. दाराशीच उभी राहून म्हणाली, "आयचं नाव कागदावर हाय म्हनं. खरं का?"

मास्तरांनी पुडी काढून चिठ्ठी वाचून दाखवली. तिनं परत वाचायला लावली. तिसऱ्यांदा वाचताना मास्तर नावापाशी अडखळले. मग चिठ्ठीची नक्कल करून त्यांनी पुडीत ठेवली, आणि मूळ चिठ्ठी पाण्याचा हात लावून अलगद सोडवून तिच्या हातात दिली. तिनं ती पदराच्या गाठीत बांधली.

ती गेल्यावर मी म्हटलं, नक्कल तिला द्यायची होती.

मास्तर पुडी बांधत होते.

"श्रावणात माझी वाट बघणारं तेवढं एकच घर होतं," ते म्हणाले, आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गावर निघून गेले.