दुसरा डोळा

गोविंदरावजींनी आमच्या सक्करदऱ्यातल्या बहुतेकांचा एकेक डोळा काढून टाकला होता. कागदावर, अर्थात. कचेरीत नकाशे काढून निवृत्त झालेला हा आमचा शेजारी सुपारीएवढ्या तसबिरी रंगवायचा, जुन्या भोसलेकालीन दरबारी थाटात. दूधवाला असो की पोस्टमन, डोक्याला पगडी, कानात मोती, हातात गुलाब आणि चेहरा एका बाजूने. कुणी दुसऱ्या डोळ्याची चौकशी केली की म्हणत, "दरबारी माणूस समोरून पाहत नसते गा!"

कुंचला खारीच्या केसांचा. पापणी काढताना ते श्वास रोखत आणि समोरच्यालाही रोखायला लावत. "काहून हालून राहिला? राजा हालते काय?" राजा म्हणायचे, पण मला त्यांनी चवरी ढाळणारा केलं. माझी योग्यता पहिल्यांदा त्यांनीच ओळखली.

लग्न केलं नव्हतं. "बाई दिवसभर समोरूनच पाहते," हे कारण.

माझ्या बहिणीला, कुसुमला, वर्ध्याचं एक स्थळ आलं. स्टुडिओतल्या फोटोत तिचे दोन्ही डोळे मिटलेले. आमचे बाबा व्यवहारी. मिटलेल्या दोनांपेक्षा उघडा एक बरा, म्हणून त्यांनी गोविंदरावजींनी काढलेली तिची तसबीर पाकिटात घातली.

उत्तर आलं : 'मुलगी नाकीडोळी नीटस दिसते. तरी दुसऱ्या डोळ्याविषयी स्पष्ट कळवावे.'

कुसुम रडत बसली. बाबा पत्र घेऊन गोविंदरावजींच्या दारात. त्यांनी ते दोनदा वाचलं. "त्याईले कला कळत नाही," म्हणाले आणि दार लावून घेतलं. मग दोन दिवस दाराला कुलूप. शेजाऱ्याला लाज आहे, हे कळून बाबांना फार बरं वाटलं. त्यांनी 'दोन्ही डोळे शाबूत' असा खुलासा वर्ध्याला धाडला.

मंडळी आली, डोळे मोजले, होकार दिला. बाबांनी सगळं श्रेय आपल्या पत्राच्या भाषेला दिलं.

लग्नाच्या दिवशी व्याह्यांनी बाबांना विचारलं, "तुमचे थोरले भाऊ कुठं दिसून नाही राहिले?"

"मले भाऊ नाही," बाबा म्हणाले.

व्याह्यांनी खिशातून एक तसबीर काढली. कुसुमच. घरच्या लुगड्यात, समोरून, दोन्ही डोळे उघडे.

"मग हे घेऊन भर उन्हात कोण आलं होतं गा? म्हणे, पोरीचा दुसरा डोळा मी खाल्ला, तिचा काही दोष नाही. दोन तास तिचे गुण सांगत बसले. चहा सोडा, पाणीही घेतलं नाही. म्हणे, लेकीच्या सासरचं पाणी पीत नसतात."

पाठवणीच्या वेळी गोविंदरावजी मांडवाच्या कडेला एकटेच उभे होते. बाबांनी त्यांना हाताला धरून आणलं आणि कुसुमला म्हणाले, "आधी यांच्या पाया पड वं."