गजांना टेकवलेले पुस्तक

"ग्रंथांना माशाचा वास लागता कामा नये," हा यादोरावांचा नियम होता. तलावाकाठच्या त्या गावी १९७८ साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले. दारावर 'सर्वांसाठी खुले' अशी पाटीही लागली. परंतु मासेमारी करणाऱ्या बुधरामने उंबरठ्यावर पाऊल ठेवताच ग्रंथपाल यादोरावांनी नाकाला उपरणे लावले. तेव्हापासून बुधरामची बैठक बाहेरच्या ओट्यावर. यादोराव आतून खिडकीच्या गजांना पुस्तक टेकवून धरीत. बुधरामने मान हलवली की पान उलटीत. या औदार्याचा त्यांना मोठा अभिमान वाटे.

श्रावणातल्या एके दिवशी बुधराम साबणाने अंग घासून, धुतलेला सदरा घालून आला.

"बाबूजी, आता तरी आत येऊ द्या जी. गोष्ट रंगात आली का तुमचा हात दुखते. गोष्टीतली ते बाई कालपासून विहिरीच्या काठावर उभी हाये!"

वाचनालयाचे अध्यक्ष पुंडलिकराव तेथेच वर्तमानपत्र वाचीत होते. "येऊ द्या त्याले. मीच पायतो वास येते का."

बुधराम आत आला. पुंडलिकरावांनी दीर्घ श्वास घेतला आणि तोंड वाकडे केले. "येते ना बाप्पा! सुक्या झिंग्याचा!"

"मी काय म्हणत होतो?" यादोराव उद्गारले, परंतु कपाळावरच्या गंधाखाली त्यांना दरदरून घाम फुटला. श्रावणभर मत्स्याहार वर्ज्य, असे त्यांनीच गावभर सांगितले होते.

बुधराम खालमानेने बाहेर गेला. वास मात्र गेला नाही. तेवढ्यात एक बोका आत शिरला. बुधरामकडे त्याने ढुंकूनही पाहिले नव्हते. तो थेट यादोरावांच्या खुर्चीला अडकवलेल्या पिशवीशी झोंबू लागला.

"बोका काहून ओरबाडून राहिला पिशवी?" पुंडलिकरावांनी विचारले.

"साबुदाणा हाये जी त्यात. उपासाचा."

खिडकीतून बुधराम डोकावला. "अरे, हे तं आमच्या घरची पिशवी! बाबूजी, माह्या बायकोनं, सखाबाईनं सकाळी इथंच मागच्या दारी झिंगे देल्ले, ते ह्याच्यातच काय? रिकामी झाली का वापस द्याल जी."

वाचनालयात प्रथमच खरी शांतता पसरली.

"यादोराव," पुंडलिकराव हळूच म्हणाले, "नियम तुमचाच हाये."

यादोराव पिशवी घेऊन निमूटपणे ओट्यावर जाऊन बसले. बोकाही मागोमाग गेला. बुधराम आत आला. आयुष्यात प्रथमच त्याने ते पुस्तक स्वतःच्या हाती घेतले; पण खुर्चीवर बसण्याआधी खिडकीशी येऊन त्याने ते गजांना टेकवून धरले.

"त्या बाईचं काय झालं, तुमीबी वाचा बाबूजी. पान झालं का मान हालवा."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच यादोरावांना सोसवेना. बुधरामचा हात अवघडून गेला. परंतु यादोरावांची खाली गेलेली मान काही केल्या हलेना.