पाचव्या अंड्याची जागा

“सून गुणाची आहे हो. पण घरटं तिला नुसतं बांधता येतं. कागद काही नाही!”

एका जंगलात, मुलांनो, काजळ नावाची कावळीण नुकतीच लग्न होऊन सासरच्या चिंचेवर आली होती. सासूबाई शेजारच्या साळुंकीला हे सांगत होत्या, ते तिने फांदीआडून ऐकले. चोचीतली काडी तिने आवाज न करता घरट्यात खोवली.

कागद म्हणजे घरटे मान्यता मंडळाचे प्रमाणपत्र. अंड्यांवर बसण्याआधी ते हवेच. नाहीतर मंडळाची वानरे येत आणि घरटे उतरवून नेत. प्रमाणपत्राला दोन मार्गदर्शकांच्या सह्या लागत. काजळला अंडी घालायला आठवडा राहिला होता.

पहिले मार्गदर्शक वटवाघूळकाका. फांदीला लटकून त्यांनी घरटे बराच वेळ न्याहाळले.

“काम सुबक आहे. फक्त उलटं झालंय.”

सही मात्र त्यांनी केली. तीही उलटी.

दुसऱ्या कोकिळाताई. त्यांची जाहिरात त्यांचे यजमान पहाटेपासून गाऊन करत.

“ताई, तुम्ही स्वतः किती घरटी बांधलीत?” काजळने हळूच विचारले.

सासूबाईंनी डोळे वटारले. “अगं, ताईंनी अख्ख्या जंगलातली घरटी आतून पाहिलीत!”

“बांधणं वेगळं, मूल्यमापन वेगळं,” ताई हसून म्हणाल्या. “किती अंड्यांचं घरटं हे?”

“चार.”

“मग जागा पाचाची ठेव. तसा निकषच आहे.”

“पण कशाला?”

“करून टाक ना,” नवरा कुजबुजला. “अनुभवी आहेत त्या.”

काजळने घरटे उसवले, मोठे करून पुन्हा विणले आणि चार अंडी घातली.

अंतिम तपासणीला उमेदवाराने बाहेर थांबायचे असते. यजमानांनी समोरच्या झाडावर गाणे धरले. अख्खे सासर तिकडे तोंड करून माना डोलवू लागले. ताई आत गेल्या. वेळ जरा जास्तच लागला.

“उत्तीर्ण!” ताई बाहेर येऊन म्हणाल्या. सासूबाई प्रमाणपत्र घेऊन तडक साळुंकीकडे निघाल्या.

काजळने घरट्यात डोकावून मोजले. एक, दोन, तीन, चार. आणि एक जरा लहान.

“बघ, कसं मापात बसलं!” ताई म्हणाल्या.

साळुंकीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने काजळ या झाडावर पहिल्यांदाच बोलली.

“ताई, हा कागद घरटं बांधायचा. अंडी उबवायचा कागद माझ्याकडे कुठंय? माझी चार मी घरच्या घरी निभावून नेईन. पण तुमचं पाचवं असं बिनकागदाच्या पंखाखाली कसं ठेवू? या, त्याच्यावर तुम्हीच बसा. घाबरू नका, मार्गदर्शन मी करते.”

तात्पर्य : मुलांनो, ज्याला घरटे बांधता येते, त्याला मार्गदर्शक करू नये. तो बिचारा घरटे बांधण्यातच अडकलेला असतो.