वानखेड्यांचा रिसीव्हर

वानखेडे कुणाला काही सरळ हातात देत नसत. फेकत. किल्ल्या, संत्रं, एकदा तर डब्यातलं उकडलेलं अंडं. आणि आपण ते कसं झेललं यावर लगेच मत देत.

"छातीवर घेतलंत, साठे. हातांनी घ्यायचं. छातीवर घेणारा माणूस आतून घाबरलेला असतो."

आम्ही दोघं लंडनमध्ये हाउन्सलोला राहायचो, विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये एकाच शिफ्टला होतो. ऐंशीच्या दशकात इथल्या टीव्हीवर रविवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉल दाखवायला लागले. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारी ती धिप्पाड माणसं दिसली की आम्ही बाकीचे चॅनेल बदलायचो. वानखेडे मात्र त्या खेळाच्या नादी लागले. त्यातही फक्त रिसीव्हरच्या, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू धावता धावता झेलणाऱ्या खेळाडूच्या. अमेरिकेत कॉलेजात खेळणाऱ्या मुलांना मोठ्या टीम वर्षातून एकदा फेरीफेरीने निवडून घेतात. उत्तम ते पहिल्या फेरीत जातात, बाकीचे मागाहून, आणि पुष्कळांना कुणीच घेत नाही. कुणात काय दम आहे हे जोखायला त्या टीमकडे पगारी माणसं असतात. हाउन्सलोत ते काम वानखेडे बिनपगारी करत.

ओहायोतला पुतण्या कॉलेजच्या सामन्यांच्या टेप पाठवायचा. वानखेडे एकेक झेल मागेपुढे करून बघत. "पाय सगळ्यांनाच असतात हो," म्हणत. "वळताना वेग पडतो का ते बघायचं. आणि चेंडू आपल्याकडे येणार नाही हे माहीत असतानाही पोरगा जीव तोडून पळतो का, ते."

ही नजर टीव्हीपुरती राहिली नाही. आंबेडकर जयंतीला हॉलमध्ये कांबळेबाईंनी त्यांना भाचीसाठी आलेलं स्थळ दाखवलं. मुलगा केंब्रिजला संशोधन करणारा. वानखेड्यांनी त्याच्याकडे लाडू फेकला. मुलाने तो चष्म्यावर घेतला.

"पाचवी फेरी," वानखेडे म्हणाले.

कांबळेबाई पुढे वर्षभर त्यांच्याशी 'जय भीम'पलीकडे बोलल्या नाहीत. वानखेड्यांना गोड बोलणं जमतच नसे. त्यांची बायको हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा डॉक्टर धीर द्यायला लागला, तर त्यालाच थांबवून म्हणाले, "किती दिवस, तेवढं सांगा."

नव्वदच्या सुमाराला त्यांना डॅरिल सापडला. कुठल्याशा आडगावच्या कॉलेजचा उंच, किडकिडीत मुलगा. "हात बघा, साठे. चेंडू आल्याचा आवाजसुद्धा होत नाही." पण शेवटच्या सीझनला त्याचा गुडघा गेला. टेपमध्ये ते स्वच्छ दिसायचं. झेल घेऊन तो वळला, आणि पाय तिथेच राहिला. वानखेडे टेप थांबवून म्हणाले, "आता कठीण आहे."

एप्रिलमध्ये निवड झाली. पुतण्याचा फोन आला, डॅरिलला कुणीच घेतलं नाही. शेडमध्ये मला हे सांगताना वानखेड्यांचा चेहरा हलला नाही. त्या रविवारी ट्रेनची लाइन बंद होती, म्हणून ते माझ्याकडे आले. "क्रॉयडनच्या पुढे सोडाल का? मिलिंदकडे."

मिलिंद त्यांचा एकुलता एक मुलगा. तो क्रॉयडनला ऑफिसात आहे, असं आम्ही सगळे समजून होतो. गाडी सुरू झाल्यावर वानखेड्यांनी सांगितलं, की तो कित्येक वर्षं मनोरुग्णांच्या हॉस्पिटलमध्ये आहे. आजारी पडल्यावर त्याने बोलणंच टाकलं होतं. मग एक दिवस टीव्हीकडे बघत नर्सला म्हणाला, हा रिसीव्हर चुकीचा वळला. "तेवढंच बोलला," वानखेडे म्हणाले. "मला तर तो खेळ म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. शिकलो."

डे-रूममध्ये खिडकीशी तिशीचा एक माणूस बसला होता. औषधांनी सुजलेला. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही.

"बाबा, डॅरिलला कोणी घेतलं?"

वानखेडे खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "घेतलं ना. चौथ्या फेरीत."

"आणि त्याचा गुडघा?"

"टीमच्या डॉक्टरांनी बघितला. म्हणाले, वेळ लागेल, पण बरा होईल."

मिलिंदने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

येताना वानखेडे बाहेर बघत बसले. त्यानंतर मी पुष्कळदा त्यांना घेऊन गेलो. नवा सीझन सुरू झाला, आणि वानखेडे मुलाला डॅरिलचा खेळ सांगू लागले. त्याच्या टीमचे सामने इथे दाखवत नाहीत, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. समोर कोण होतं, मैदान ओलं होतं का, तो कसा वळला, सगळं सांगायचे. अधूनमधून डॅरिलच्या हातून एखादा सोपा चेंडूही सुटायचा. सगळेच झेल घेतले असते, तर मिलिंदने विश्वास ठेवला नसता.