काचेतलं ऊन

पडदा उलगडून दाखवावा तो पडदेवाल्यांनीच. दोन्ही हातांनी कापड धरायचं, एक झटका द्यायचा आणि अख्खा पडदा गिऱ्हाइकाच्या पायाशी अलगद उतरवायचा. गल्लीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. ते सगळ्यांचे पडदेवाले, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर पडदे शिवणारी त्यांची बायको सगळ्यांची वहिनी. पण अलीकडे झटका दिला की पडदा खाली उतरायच्या आत पडदेवाल्यांना शिंक येई, आणि ती कधी एकटी येत नसे. एक सर्दी बरी झाली म्हणेपर्यंत दुसरी दारात उभी. परवा तर नव्या घरासाठी पडदे बघायला आलेल्या एक बाई "जरा विचार करून सांगते" म्हणत नाकाला रुमाल लावून गेल्या, त्या गेल्याच.

नेमकं अशातच चौकातलं नवं हॉटेल बांधून पुरं झालं. खोल्या भरपूर, प्रत्येक खोलीला भली मोठी खिडकी आणि एकाही खिडकीला पडदा नाही. हॉटेलच्या मॅनेजरबाई नमुने बघायला कधीही येतील, असा निरोप आला होता.

"ही ऑर्डर मिळाली तर वर्षभर बघायला नको," वहिनी म्हणाल्या. "आणि बाईंच्या तोंडावर शिंकलात, तर मीच दुकानाला कुलूप लावते. आधी डॉक्टरकडे चला."

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलंय. जस्तही कमी आहे. दिवसभर असता कुठे?"

"दुकानात."

"तिथे ऊन येतं?"

"ऊन येऊ नये हाच तर आमचा धंदा आहे, डॉक्टर."

"बरं, घरी?"

"घरीही आमचेच पडदे."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "हे बघा, आजाराशी लढणाऱ्या पेशींना ही दोन्ही लागतात. नाही मिळाली, तर त्या कामावर हजर असतात, पण काम करत नाहीत."

"आमच्या मागच्या कारागिरासारख्या," वहिनी म्हणाल्या.

"जस्त म्हणजे ते पत्र्यावर चढवतात तेच ना?" पडदेवाल्यांनी विचारलं.

"तेच. पण पत्र्याएवढं नको. रोज एक गोळी, जेवल्यावर. ड जीवनसत्त्वाची आठवड्यातून एक. आणि दुपारी थोडा वेळ उन्हात बसायचं, हातपाय उघडे टाकून."

पडदेवाल्यांनी पहिल्याच सकाळी, लवकर गुण यावा म्हणून, उपाशीपोटी दोन गोळ्या घेतल्या. मग दुपारपर्यंत ते पोट धरून ताग्यांमध्ये पडून राहिले. "तोंडात चिल्लर धरल्यासारखी चव आलीय गं," ते कण्हत होते. वहिनींनी गोळ्यांची पाकिटं उचलून मशीनच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला. त्यानंतर जस्त वेळेवर, मोजून आणि जेवणाच्या मागोमाग मिळू लागलं.

प्रश्न उरला उन्हाचा. गच्चीवर जावं, तर तेवढ्यात मॅनेजरबाई यायच्या, आणि मशीनच्या खडखडाटात वहिनींना गिऱ्हाईक आलेलं ऐकू जात नसे. दुकानाबाहेर बसावं, तर गार वारा सुटलेला. विचार करता करता पडदेवाल्यांची नजर गेली दुकानाच्या शोकेसवर. रस्त्याकडे मोठी काच, मागे पडदा आणि मधल्या जागेत दुपारभर लख्ख ऊन. दुकान सोडायला नको, वाऱ्याची भीती नाही. आपल्याच हुशारीवर ते खूश झाले.

"अहो, पण लोक बघतील ना!" वहिनी म्हणाल्या.

"दुपारी काच चमकते. बाहेरून आतलं काही दिसत नाही. तीस वर्षं पडदे विकतोय मी, मला नको सांगूस."

दिसत होतं. सगळं दिसत होतं. हाफ पँट, गंजी, लोखंडी खुर्चीत लांब केलेले पाय, सगळं. उन्हाने डोळे दिपतात म्हणून पडदेवाले तोंडावर जाड काळ्या अस्तराचा एक तुकडा टाकून घेत, त्यामुळे त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, एवढंच. पहिल्या दिवशी दोन-तीन माणसं थबकली. आठवडाभरात ठरावीक वेळेला गर्दी जमू लागली.

"पुतळा आहे," इस्त्रीवाला म्हणाला.

"पुतळ्याला एवढं पोट कोण करेल?" चपला शिवणाऱ्याने विचारलं.

आत पडदेवाल्यांना उबेने गाढ झोप लागलेली असे. आणि एके दिवशी त्या गर्दीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या मॅनेजरबाई.

त्यांनी वाट काढली, काचेला नाक लावलं आणि निरखून बघितलं. मग बोटाने काच वाजवली. काही नाही. दोनदा वाजवली. तरी नाही. "पुतळाच आहे," असं त्या म्हणणार, तेवढ्यात अस्तराचा तुकडा वर उडाला आणि आतून चार शिंका आल्या. बाई किंचाळून इस्त्रीवाल्याच्या अंगावर गेल्या. पडदेवाल्यांनी तुकडा पुन्हा तोंडावर ओढला, कूस बदलली आणि ते घोरू लागले.

बाई तशाच दुकानात शिरल्या. ती किंचाळी मशीनच्या खडखडाटातही ऐकू गेली, तशा वहिनी धावत आल्या, आणि शोकेसचा पडदा बाजूला करून बघतात तर काय, काचेबाहेर अख्खी गल्ली! त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"ते कोण आहेत?" बाईंनी विचारलं.

"मालक," वहिनी कशाबशा म्हणाल्या. "तब्येतीमुळे…"

"ते राहू द्या. तोंडावर कोणतं कापड आहे?"

"अं?"

"अहो, आमच्या खोल्यांत सकाळी ऊन येतं, पाहुणे आम्हाला शिव्या देतील. इथे हा माणूस भर उन्हात, एवढ्या गर्दीत, शिंकून परत झोपतो! मला तेच कापड हवंय. येत्या आठवड्यात याच वेळेला आमच्या मालकांना घेऊन येते. त्यांना हे असंच दाखवा."

बाई गेल्या आणि पाठोपाठ आत आले डॉक्टर. तेही गर्दीत होते.

"अहो, हे काय?" त्यांनी पडदेवाल्यांना हलवून उठवलं.

"तुम्हीच तर सांगितलंत, उन्हात बसा."

"उन्हात! काचेत नाही! काचेतून ऊब येते. ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होतं, ते काच बाहेरच अडवते."

पडदेवाल्यांनी काचेकडे पाहिलं, मग आपल्या तांबूस पोटरीकडे पाहिलं. "म्हणजे इतके दिवस मी नुसता वाळत होतो?"

"उद्यापासून गच्चीवर. याच वेळेला."

आता आली का पंचाईत! तब्येतीसाठी माणूस गच्चीवर हवा आणि ऑर्डरसाठी तोच माणूस त्याच वेळेला काचेत. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी समोरच्या तयार कपड्यांच्या दुकानात गेल्या आणि एक पुतळा काखोटीला मारून आल्या. त्याचे पाय वाकत नव्हते, म्हणून त्याला आरामखुर्चीत रेलवला, हाफ पँट आणि गंजी चढवली आणि तोंडावर काळा तुकडा टाकला.

पडदेवाले पुतळ्याचे भरलेले दंड आणि सपाट पोट बघत राहिले. "हा मी?" त्यांनी दुखावल्या आवाजात विचारलं.

"काचेत चांगलाच माल लावायचा असतो," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही वर जा."

ठरल्या वेळी हॉटेलमालक एकटेच आले, मॅनेजरबाई कामात अडकल्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ काचेत बघत राहिले. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, कुत्री भुंकली, इस्त्रीवाला मुद्दाम खोकला. आत हूं नाही की चूं नाही.

"कमाल आहे!" मालक म्हणाले. "मला असं झोपून कित्येक वर्षं झाली. सगळ्या खोल्यांना हेच अस्तर लावा. पण जरा उलगडून दाखवा ना."

वहिनी स्वतःच ताग्याकडे वळल्या. नेमके तेव्हाच पडदेवाले गच्चीवरून खाली आले, घामाघूम आणि लालबुंद.

"हे कोण?"

"हे… यांचे भाऊ," वहिनींनी काचेकडे बोट दाखवलं. "तेच दाखवतील."

पडदेवाल्यांनी वहिनींकडे पाहिलं, अस्तराचा तागा उचलला, दोन्ही हातांनी कापड धरलं आणि डोळे मिटून झटका दिला. कापड हवेत फुललं, धूळ उडाली. वहिनींनी श्वास रोखला. कापड मालकांच्या पायाशी अलगद उतरलं. शिंक आली नाही. एकसुद्धा नाही. वहिनींचे डोळे भरून आले, आणि ते ऑर्डरसाठी नव्हते.

मालकांनी तिथल्या तिथे आगाऊ रक्कम दिली. निघताना त्यांनी काचेतल्या तुकतुकीत पोटऱ्यांकडे एकदा आणि पडदेवाल्यांच्या पोटाकडे एकदा पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

"राग मानू नका," ते हळूच म्हणाले, "पण जरा भावाकडून शिका. रोज त्यांच्यासारखं काचेत बसत जा."